कुमशेत गावाचे नाव जाहीर करावे का?

अनवटवाट: "कुमशेतला जा, तिथे अजून गर्दी नाही," असे सांगून राजूरपासूनचा रस्ता, मुक्कामाचे घर आणि काजव्यांच्या झाडांचा नकाशाही देणारा लेख वाचून संताप आला. सांदण दरीचा बोलबाला झाल्यावर तिच्या काठच्या साम्रद गावात सुटीच्या दिवशी गाड्या लावायला जागा उरली नाही. अकोले तालुक्यातली उरलीसुरली शांत गावेही अशीच संपवायची आहेत का?

डोंगरलेक: माझे माहेर याच पट्ट्यातले आहे. तुम्हाला आवडणारी ती शांतता आमच्याकडे भातकापणीनंतर येते, कारण तेव्हा घरातली तरणी माणसे नारायणगावकडे मजुरीला गेलेली असतात. वहिनी पाहुण्यांना तांदळाची भाकरी आणि पिठले करून घालू लागल्यापासून माझ्या भावाला गाव सोडावे लागलेले नाही. आमच्या गावाचे नाव लपवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

अनवटवाट: कमाईला माझा विरोध नाही, पण काजव्यांचे काय? मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत नर लुकलुकून मादीला खूण करतात आणि गाड्यांच्या झोतात ती खूणच दिसेनाशी होते. घाटघरच्या रस्त्यावर एका झाडाखाली मोबाइलचे दिवे लावून गवत तुडवत फिरणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

हंडाकळशी: काजव्यांवर एवढे बोलता, मग पाण्यावर का नाही? भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या शेतांना गेले आणि वरच्या वाड्यांतल्या बायका मात्र मे महिन्यात झऱ्याच्या डबक्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. त्याच हंड्यांवर पाहुण्यांच्या आंघोळी होतात.

डोंगरलेक: तो हंडा मी भरलेला आहे, तेव्हा मला पाणीटंचाई शिकवू नका. आमचे पाणी पाहुण्यांनी पळवले नाही, ते पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी खाली गेले. टंचाईच्या दिवसांत आमच्या घरी पाहुण्यांना जेवण मिळते, आंघोळ मिळत नाही, आणि हे फोनवरच सांगितले जाते.

हंडाकळशी: तुमच्या घरी तसे असेल, शेजारच्या वाडीत नाही. तिथे पाहुण्यांसाठी पिंपे भरताना मी पाहिली आहेत.

अनवटवाट: नाव लपवण्याचा आग्रह मी सोडतो, पण झाडांचा नकाशा लेखातून काढलाच पाहिजे.

डोंगरलेक: नकाशा काढा, त्याने आमच्या चुलीला काही मिळत नाही. मुक्कामाच्या घराचा फोन नंबर मात्र राहू द्या, म्हणजे माणसे विचारून येतील.