जंक शिडाची बोट: शेजाऱ्यांच्या शंका कितपत खऱ्या?

प्रश्न: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर २५ फुटी जंक-रिग (आडव्या काठ्यांचं, चिनी पद्धतीचं शीड असलेली) बोट घेतोय. मरिनातले म्हणतात, "डोलकाठीला एकही स्टे (ताणून धरणारी तार) नाही, मोडणार. आणि वाऱ्याच्या तोंडावर ही चढायचीच नाही." खरं का?

उत्तर १: डोलकाठीची भीती सोडा. सगळा भार डेकवरच्या पार्टनर्सवर (काठी डेकमधून जाते तिथली चौकट) आणि तळाच्या स्टेपवर (काठीचा बुंधा बसतो ती खाच) येतो, म्हणून तिथेच टॉर्च मारा: सैल पाचरी, डेकला तडे, स्टेपमध्ये साचलेलं पाणी. ब्रिटिश दर्यावर्दी हॅस्लर यांनी १९६० मध्ये २५ फुटी 'जेस्टर' याच शिडावर एकट्याने अटलांटिकपार नेली, हे शेजाऱ्यांना जरूर सांगा.

उत्तर २: दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे. सपाट कापलेलं शीड वाऱ्यावर चढायला कच्चंच. प्रत्येक पॅनेल (दोन बॅटनमधला, म्हणजे आडव्या काठ्यांमधला, शिडाचा पट्टा) ८ ते १० टक्के फुगवट्याने शिवून घ्या, फरक लगेच कळतो. रीफिंग (वारा वाढला की शीड लहान करणं) मात्र अप्रतिम! हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) सोडला की पॅनेल आपोआप लेझी जॅकमध्ये (शीड झेलणाऱ्या दोरांत) बसतात. कॉकपिटमधून उठावं लागत नाही.

प्रश्नकर्ता: जाइब (वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे नेणं) करताना काय बिघडतं?

उत्तर २: ढिले शीटचे (शिडाचा कोन सांभाळणारे) दोर बॅटनच्या टोकांत अडकतात. आधी शीट आत ओढा, मगच वळा. एक जादा बॅटन बोटीवर ठेवाच.