कापसाचं क्रॉसिंग जमत नाहीये, सगळी बोंडं गळतायत – मदत हवी आहे

गुहागरी_खटपट्या
लोकहो अर्जंट आहे. परसात कापूस आहे, त्यावर दुसऱ्याचे पराग टाकतोय, पण पाच-सहा दिवसांत बोंड पिवळं पडून देठासकट खाली. तीसेक फुलं केली, एक धरलं नाही. धागा लांब हवाय आणि झाड काटक. खताचं सांगू नका, शेणखत भरपूर आहे.

पऱ्हाटी
भाऊ कोणता कापूस, कोणावर कोणता? कळी कधी सोलता?

आगरातला
कोकणात कापूस कशाला? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस क्रॉस करून रत्ना काढला, तसं आंब्यात काहीतरी करा की.

गुहागरी_खटपट्या
आंब्याचं विचारलंय का? @पऱ्हाटी कळी आदल्या संध्याकाळी, अंगठ्याच्या नखाने, पाकळ्या नि पुंकेसर एकदम निघतात. वर कागदी पिशवी, सकाळी नऊ-दहाला पराग. व्हिडिओत दाखवतात तस्संच.

पागोळी
पाऊस!! पाणी लागलं की परागकण फुटतात, आणि तुमची पिशवी भिजून आत चिकटत असणार. मी स्ट्रॉचा तुकडा एका बाजूने मेणाने बंद करून स्त्रीकेसरावर घालते, पिशवीपेक्षा कधीही बरं.

पऱ्हाटी
पावसाने काही जातील, तीसच्या तीस कशी जातील? जात सांगा ना आधी.

गुहागरी_खटपट्या
जात काय, अंगणातला देवकापूस, आई वाती करते त्याच्या. पराग मावसभावाने यवतमाळहून दिलेल्या बीटीच्या पाकिटातल्या झाडाचे.

पऱ्हाटी
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं. देवकापूस म्हणून लोक दोन वेगळी झाडं दाखवतात. बोंड फोडून बघा, सरक्या एकमेकींना चिकटून गठ्ठा असेल तर बार्बाडेन्स, म्हणजे लांब धाग्याची प्रजात, त्याचा अमेरिकन कापसाशी (तुमचं बीटी त्यातलंच) संकर होतो, १९७२ची धारवाडची वरलक्ष्मी ही संकरित जात तशीच काढलेली. सरकी सुटी असेल आणि फुलाखालच्या तीन पानांना दातरे मोजकेच असतील तर देशी. देशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनात ५२, बोंड बहुधा गळणारच, चुकून एखादं धरलं तरी झाड वांझ. शिवाय पाकिटातलं बीटी मुळात संकरित, त्याचा प्रत्येक परागकण वेगळा, नर म्हणून सरळ वाण घ्या, म्हणजे संकरित नसलेला.

पागोळी
कोल्चिसिन नावाच्या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करता येतात पण.

पऱ्हाटी
ताई ते विष आहे, प्रयोगशाळेतलं काम. परसात नको ते धंदे सुचवू नका.

पागोळी
मी घरी करा म्हटलं का? स्ट्रॉचं मात्र बरोबरच आहे.

गजालीवाला
बीटीचो कापूस वातीक चालता काय? आमची आये नाय म्हणता.

गुहागरी_खटपट्या
आत्ता बघून आलो. सरकी सुटी, दातरे जेमतेम तीन. दोन महिने संध्याकाळी नखं काळी करत बसलो. @पऱ्हाटी सुविनसारख्या लांब धाग्याच्या बार्बाडेन्सची थोडी सरकी कुठे मिळेल? आणि अमेरिकनातला सरळ वाण कुठला घेऊ, नाव टाका फक्त.

गजालीवाला
तुमच्या त्या अंगणातल्या झाडाची धा-बारा सरकी माका धाडा. आयेक वातींक होयी.