एमबीएच्या पहिल्या वर्षी कमिटीत जावं का? माझं मत : जाऊ नये

कागदी_होडी

मावसबहिणीला यंदा मुंबईतल्या एका बी-स्कूलला प्रवेश मिळाला. परवा रात्री तिचा फोन. "दादा, कमिट्यांचे फॉर्म सुटलेत. प्लेसकॉम (प्लेसमेंट कमिटी), मीडिया, कल्चरल, स्पॉन्सरशिप... कशात भरू?" मी म्हटलं, कशातच नको. ती गप्प झाली. मग मावशीनं फोन घेतला आणि मला झापलं, "स्वतः दोन वर्षं मिरवलास आणि तिला नको म्हणतोस?" म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक नावाजलेल्या बी-स्कूलमध्ये संस्थेचा अर्धा गाडा विद्यार्थीच ओढतात. कंपन्यांना फोन करणं, मुलाखतींचं वेळापत्रक लावणं, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं, फेस्ट, प्रायोजक, सगळं. सीनियर लोक ज्युनियरांच्या मुलाखती घेतात, त्याही मध्यरात्रीनंतर. मला विचारलं होतं, "पाहुणे दादरला उतरलेत, कॉलेजची गाडी बंद पडलीये, सर फोन उचलत नाहीत. काय करशील?" मी म्हटलं, टॅक्सी करीन. झाली निवड.

पुढचे सहा महिने सांगतो. सकाळी नऊ ते पाच लेक्चर, मग ग्रुप असाइनमेंट, रात्री अकराला कमिटीची मीटिंग, ती दोनपर्यंत. आणि समर इंटर्नशिपच्या मुलाखती कधी? प्रवेशानंतर चार-पाच महिन्यांत! म्हणजे ज्या काळात ताळेबंद वाचायला शिकायचं, केस सोडवायच्या, त्याच काळात मी स्टँडी उचलत होतो. एकदा प्रायोजकाच्या लोगोचा निळा रंग चुकला म्हणून रात्री साडेबाराला फ्लेक्सवाल्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "साहेब, निळा म्हणजे निळाच असतो." मला पटलं होतं, सीनियरला पटलं नाही.

आणि त्याचं फळ? मुलाखतीत विचारलं, "या कार्यक्रमात तुम्ही नेमकं काय केलंत?" माझ्या सीव्हीवर 'नेतृत्व केलं' असं होतं. माझ्या आधी आत गेलेल्या दोघांच्या सीव्हीवरही तेच, त्याच कार्यक्रमाचं. समोरचे गृहस्थ नुसते हसले. मला आजही ते हसू आठवतं.

तेव्हा मत असं : कमिटी म्हणजे हमाली, वर बिनपगारी. अभ्यास करावा, एखादा चांगला प्रोजेक्ट करावा, झोप काढावी. बोला.

रात्रीचा_चहा

+१००. आमच्यात याला पीओआर म्हणायचे, 'पोझिशन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी'. पीओआर मिळाला की माणूस मेसमध्ये ताट घेऊनही ऐटीत चालायचा. आणि नाव एकाचं, काम चौघांचं, बाकी सहा जण ग्लोब, म्हणजे काम न करता नाव लावणारे.

ओसरी

पूर्ण असहमत, आणि जरा रागही आलाय.

मी उदगीरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. एमबीएला आले तेव्हा वर्गात हात वर करायला घाबरायचे. माझी नियुक्ती प्लेसमेंट कमिटीत कशी झाली हे मलाही कळलं नाही. पहिलं काम, कंपन्यांच्या एचआरला फोन. मी संपूर्ण संभाषण वहीत लिहून काढलं होतं. 'गुड मॉर्निंग' पासून. समोरून कोणी वेगळंच काही बोललं की वहीतलं वाक्य सापडायचं नाही! पहिल्या आठवड्यात एका बाईंनी "जे सांगायचंय ते आधी ठरवा आणि मग फोन करा" म्हणून ठेवून दिला. मी जिन्यात जाऊन रडले. डिसेंबरपर्यंत वही सुटली होती.

आमच्या मुलाखतींच्या दिवशी एका कंपनीचं पॅनेल चार तास उशिरा आलं. कॉरिडॉरमध्ये एकोणीस जण सूट घालून, उपाशी, आणि त्यातल्या सहा जणांची त्याच वेळी दुसऱ्या कंपनीत मुलाखत. मी दोन्ही पॅनेलच्या मध्ये चिठ्ठ्या घेऊन पळत होते, याला आधी घ्या, त्याला नंतर. एका पॅनेलवाल्याला ठणकावून सांगितलं की हा मुलगा वीस मिनिटांनी येईल आणि तुम्हाला थांबावं लागेल. उदगीरची मी! हे कुठल्या लेक्चरमध्ये शिकवतात?

ज्याला घरून इंग्रजी, ओळखी आणि आत्मविश्वास मिळालाय त्याला कमिटी हमाली वाटणारच. आमच्यासारख्यांना ती एकच खोली होती जिथे चुकायची सोय होती.

कागदी_होडी

ओसरीताई, तुमचा अनुभव खराच. पण तुम्ही जे सांगताय ते काम संस्थेचं आहे. काही संस्थांची फी वीस लाखांच्या वर गेलीये. त्यात प्लेसमेंट ऑफिस चालवायला पगारी माणसं का नसावीत? परदेशात करिअर सेंटरमध्ये नोकरीवरचे लोक हे करतात. इथे मुलगी जिन्यात रडते आणि आपण त्याला प्रशिक्षण म्हणतो.

हिशेबनीस

चौदा वर्षं कॅम्पसला जातोय, टेबलाच्या पलीकडून. दोघांच्याही पायाशी एकेक फटाका लावतो.

शॉर्टलिस्ट करताना कमिटी फारशी बघत नाही. आधीचे मार्क, कामाचा अनुभव, काही वेळा आधीचं कॉलेज. एका जागेसाठी दोघं सारखे वाटले तर नजर तिकडे जाते, इतकंच. त्यामुळे 'सीव्हीसाठी कमिटी' हा सौदा तोट्याचा. धागाकर्ते इथवर बरोबर.

पण खोलीत आल्यावर गोष्ट वेगळी. मी तीन प्रश्न विचारतो. बजेट किती होतं? नाही कोण म्हणालं आणि मग काय केलंत? तुम्ही सोडल्यावर ती गोष्ट कशी चालली? ज्यानं खरंच काम केलंय त्याला आकडा आठवतो. एका मुलानं सांगितलं होतं, मागच्या वर्षी फेस्टच्या जेवणाची कुपनं दोनदा वापरली गेली, म्हणून या वर्षी प्रत्येक दिवसाला वेगळा रंग आणि कोपऱ्याला टोचा मारायचा पंच. एवढंच त्याचं कर्तृत्व. मी त्याला घेतला, कारण गळती कुठे होते हे त्यानं स्वतः रांगेत उभं राहून पाहिलं होतं. आणि 'नेतृत्व केलं' वाल्यांना मी हसत नाही, पण पाणी पितो.

होडीभाऊ, फ्लेक्सवाल्याची गोष्ट तुम्ही मुलाखतीत सांगितलीत का? नसेल तर चूक कमिटीची नव्हती.

पेठेतला_पाहुणा

एमबीएची फी भरून हे शिकायची गरजच काय? आमच्या मंडळात या. वर्गणी मागताना दहातले सात जण दार लावतात, आठवा म्हणतो उद्या या. पोलीस परवानगी, मांडववाला, स्पीकर बंद करायची वेळ, विसर्जनाच्या रांगेत पुढे कोण यावरून भांडण. पावतीपुस्तक हरवलं तर जाब थेट चौकात. फुकटात लीडरशिप.

रात्रीचा_चहा

आणि तो हिशेब पुढच्या गणपतीपर्यंत लागत नाही, तो भाग राहिला.

पेठेतला_पाहुणा

लागतो हो. उशिरा लागतो.

लिलचा_पाऊस

फ्रान्समध्ये बिझनेस स्कूलला शिकतोय, मूळचा नाशिकचा. इथला प्रकार सांगतो, कारण धाग्यात 'परदेशात पगारी माणसं करतात' असं आलंय आणि ते अर्धंच खरं आहे.

करिअर ऑफिस पगारी आहे, बरोबर. पण असोसिएशनचं वेड इथं आपल्यापेक्षा जास्त. विद्यार्थ्यांचं मुख्य मंडळ असतं, बीडीई म्हणतात. त्याची निवडणूक म्हणजे जत्रा. पॅनेलं उभी राहतात, प्रत्येकाचा रंग, प्रत्येकाचे टी-शर्ट. प्रचाराच्या आठवड्यात फोन केलात की उमेदवार तुमच्या खोलीवर गरम क्रेप आणून देतात, म्हणजे आपली गोडी धिरडीच. मी पहिल्या वर्षी तीन रात्री त्यावर जेवलो आणि मत चौथ्यालाच दिलं.

पण मुद्दा पुढे आहे. ही मंडळं बहुधा १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या स्वतंत्र संस्था असतात. स्वतःचं बँक खातं, अध्यक्ष, खजिनदार. सही करणारा वीस वर्षांचा पोरगा खरोखर जबाबदार. आणि एक प्रकार आहे ज्युनियर आंत्रप्रीज. १९६७ साली एसेक या स्कूलमध्ये पहिली सुरू झाली, आता देशभर आहेत. विद्यार्थी कंपन्यांसाठी बाजाराचा अभ्यास वगैरे करून देतात, कंपनी पैसे मोजते, काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मोबदला मिळतो. मी एका बेकरीसाखळीसाठी सकाळी सातपासून दुकानाबाहेर उभं राहून किती लोक फक्त पावच घेऊन जातात हे मोजलं. बोटं गोठली. पण अहवाल नापसंत पडला तर ग्राहक पैसे अडवतो, हे तेव्हा कळलं.

तर प्रश्न कमिटी हवी की नको असा नाहीच मुळी. तुमच्या हातात सही आहे का, पैसा आहे का, आणि चुकलात तर कोणाला उत्तर द्यायचंय? फक्त स्टँडी उचलायच्या असतील तर होडीभाऊ म्हणतात ते ठीक.

जुनाट

अवांतर, पण संबंध आहे. आपल्याकडे कमिटी निवडून येत नाही, सीनियर ज्युनियरला 'घेतात'. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजच्या निवडणुका जाऊन मार्कांवर नेमणुका आल्या. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या. आमच्या आधीच्या पिढीनं निवडणुकीत डोकी फुटलेली पाहिलीत, त्यामुळे बंदीचं दुःख कोणाला झालं नाही. पण तीस वर्षं मतच न मागितलेली मुलं मग असल्या 'निवडी'ला लोकशाही समजतात. ज्याला कोणी निवडून दिलं नाही तो कोणाला उत्तर देणार? फक्त सीनियरला.

शेवटची_कर्जत

अजून कोणी बोललं नाही म्हणून बोलते. मी हॉस्टेलला नव्हते, बदलापूरहून यायचे. मीटिंग रात्री अकराला म्हणजे माझ्यासाठी मीटिंग नाहीच. पहिल्या महिन्यात दोनदा थांबले, मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपले. तिसऱ्यांदा आई म्हणाली, नोकरी लागायच्या आधीच नाइट शिफ्ट का? सोडली.

मी विचारलं होतं, मीटिंग सहाला का नाही घेत? उत्तर मिळालं, "सहाला लोक जिमला जातात."

ओसरी म्हणते तशी चुकायची सोय असलेली खोली असेलही. तिचं दार रात्री उघडतं, एवढंच. आणि ती दोन वर्षं कमिटीत नसलेल्यांना कंपनीच्या माणसाशी दोन शब्द बोलायलाही प्लेसकॉमची परवानगी लागायची. थेट मेल केलात तर डिबार, म्हणजे प्लेसमेंटमधून बाद. वर्गमित्रच तुमचा गेट-पास.

ओसरी

कर्जतताई, हे मात्र खरं आहे आणि मी त्या बाजूला होते. आम्ही एका मुलाला डिबार केलं होतं. त्यानं कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला आपला सीव्ही पाठवला होता, बस. तेव्हा नियम म्हणजे नियम वाटायचं. कारणही होतं. एकानं परस्पर संधान बांधलं की कंपनी बाकीच्या साठ जणांसाठी कॅम्पसवर येतच नाही. तरी शिक्षा ठरवणारे आम्ही तेवीस-चोवीस वर्षांचे, आणि त्या खोलीत प्राध्यापक एकही नव्हते. त्याचं पुढे चांगलं झालं, पण आजही लग्नाकार्यात समोर आला तर मी दुसरीकडे बघते.

कमिटीत जाऊ नये असं मी तरीही म्हणणार नाही.

तिसरी_घंटा

मी आधी नाटकवाला, मग एमबीए. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. तिथे बॅकस्टेजला असताना दिग्दर्शक ओरडायचा ते वाईट वाटायचं नाही, कारण पडदा उघडल्यावर काय दिसणार हे सगळ्यांना माहीत असायचं. बी-स्कूलच्या कमिटीत ओरडणं तेच होतं, पण पडदा कशावर उघडणार हे कोणालाच ठाऊक नसायचं. फेस्टचं उद्दिष्ट काय? तर मागच्या वर्षीपेक्षा मोठा फेस्ट.

हिशेबनीस

हे वाक्य आमच्या ऑफिसच्या टाउनहॉललाही चालेल.

कागदी_होडी

सगळ्यांचं वाचलं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. बिनपगारी कामावर संस्था चालते आणि माहितीपत्रकात ती 'विद्यार्थीकेंद्रित' म्हणून छापली जाते, हा माझा राग तसाच आहे. ओसरीताईंनी डिबारचं लिहिलं त्यानं तो वाढलाच.

पण हिशेबनीस, तुमचं उत्तर देतो. नाही, फ्लेक्सवाल्याची गोष्ट मी मुलाखतीत सांगितली नव्हती. मला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. त्या रात्री मी त्याच्याकडून पुढच्या सगळ्या फ्लेक्सचा चौरस फुटाचा दर ठरवून घेतला होता आणि आमचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला होता. हे मला इथे लिहिताना आठवलं. सीव्हीवर तेव्हा 'नेतृत्व' लिहिलं होतं.

बहिणीला काल फोन केला. म्हटलं, एकच कमिटी धर, आणि त्यातलं असं काम माग ज्यात पैसे मोजायला लागतील. मीटिंगची वेळ पहिल्याच दिवशी विचार. ती म्हणाली, "दादा, फॉर्म तर मी त्याच रात्री भरला. चार ठिकाणी. आज साडेबाराला मुलाखत आहे."

दुपारी?

"नाही रे. रात्री. फॉर्मल घालायचे का?"