डोकं दुखतंय: सुंठ उगाळायची की गाडी काढायची?

भातलावणी तोंडावर आली. आता घराघरांत कोणी ना कोणी डोकं धरून बसणार. घरी काय करता, आणि दवाखाना कधी गाठता? ऐकीव नको, स्वतःच्या घरातलं लिहा.

देवगड
आंबा उतरवताना झेला धरून दिवसभर मान वर. दुपारपर्यंत दुखणं मानेतून कपाळात चढतं. सावलीत बसायचं, मीठ घातलेली पेज प्यायची, मान शेकायची. संध्याकाळपर्यंत उतरतं. बाम लावतो, पण तो सवयीने.

गुहागर
माझी अर्धशिशी जुनी. आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, मग एका बाजूला ठोके आणि उलटी. सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून लेप देतात. गुण सुंठीचा की झोंबण्याकडे लक्ष जातं त्याचा, देव जाणे! मला अंधारी खोली आणि सुरुवातीलाच घेतलेली गोळी लागू पडते. उपास आणि जागरण दोन्ही वर्ज्य, त्यामुळे शिमग्यात मी पालखीला दारातूनच हात जोडते. गोळ्यांची वही ठेवते. साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस, मिश्र किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या 10 दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते, असं डॉक्टरांनी बजावलंय.

कुडाळ
दादा लावणीत होता, टाचांना भेगा. ताप आला, डोकं फुटायची पाळी. आई म्हणे, “भिजलंस म्हणान दुखता.” आशाताईंनी डोळे बघितले, लालभडक. पोटरी जरा दाबली तर हा केवढ्यानं ओरडला! तशीच रिक्षा करून आरोग्य केंद्रात नेला. लेप्टो निघाला. उंदराच्या लघवीतले जंतू शेतातल्या पाण्यातून भेगांवाटे अंगात शिरतात. आता लावणीच्या दिवसांत तो डॉक्टरांना विचारून आठवड्याला डॉक्सीसायक्लीन घेतो. पावसाळी तापात डेंगीचीही शंका असते, म्हणून रक्त तपासेपर्यंत आमच्याकडे फक्त पॅरासिटामॉल; ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नाही.

हर्णै
बाबा जाळं शिवत होते. एकदम “डोक्यात काहीतरी फुटलं” म्हणाले आणि ओकले. शेजारी कांदा हुंगवायला धावले, बहिणीने 108 लावला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला. वाचले. डावा हात अजून मंद आहे.

रत्नागिरी
मी नर्स आहे. हर्णैसारखं क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, तापाबरोबर मान ताठ होणं, तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळणं, यांत थांबायचं नाही. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि आपल्या घाटरस्त्यांवर त्यातला बराच वेळ जातो. गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीचं डोकं दुखून अंधुक दिसत असेल तर बीपी ताबडतोब मोजा. माडावरून पडलेला माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर तो ठणठणीत दिसला तरी न्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही दाखवा. आणि निघताना गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या; “ती पांढरी गोळी” एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.