मदत हवी आहे : फायबरग्लासच्या स्पीकर पॅनेलची झणझण कशी थांबवावी?

नमस्कार. गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांसाठी साडेसहा इंची स्पीकर बसतील अशी फायबरग्लासची पॅनेल मी स्वतः तयार केली आहेत. १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) रिंग कापून ती ऐकणाऱ्याच्या दिशेने थोडी कलती बसवली, तिच्यावर फ्लीसचे कापड ताणून पॉलिएस्टर रेझिन पाजले आणि ते कडक झाल्यावर आतून काचतंतूंच्या मॅटचे दोन थर दिले. आकार मनासारखा उतरला. पॉलिशपेपरच्या कामाने मात्र अंत पाहिला.

अडचण अशी की, आवाज वाढवताच खर्जाच्या सुरांना डावे पॅनेल झणझणते आणि रिंगच्या खालच्या अंगाला, पुट्टीवर, केसाएवढी चीर दिसू लागली आहे. तिथे बोटाने ठोकले असता बद्द आवाज येतो, त्यामुळे मॅट कापडाला नीट चिकटली नसावी, अशी शंका आहे. सध्या हे पॅनेल दाराच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर केवळ चार स्क्रूंनी धरलेले आहे.

तेवढाच भाग घासून नवे थर दिल्यास भागेल की पॅनेल पुन्हा करावे लागेल? तसेच रिंग थेट दाराच्या पत्र्याला बोल्टने आवळायची झाल्यास, पूर्ण खाली आलेली काच स्पीकरच्या चुंबकाला घासू नये यासाठी मोजमाप कसे घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.