मेणवलीचा वाडा: पुस्तिकेसाठी कागद कुठे बघू?

घाटपायरी: नाना फडणवीसांच्या वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यावर वीसेक पानी पुस्तिका करायची आहे. जुन्या कागदांची मोडी लिपी येत नाही. खर्च २,००० पर्यंत, हातात तीन आठवडे. पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून सुरुवात करू का?

रुमालवाला: पेशवे दफ्तर सरकारी कारभाराचं. नानांचं मेणवली दफ्तर वेगळं, ते इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीसांच्या संग्रहातून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलं. आधी विषयवार यादी मागा. ‘वाड्याचं सगळं दाखवा’ म्हटलंत तर हाती काही लागणार नाही.

शके१७०७: मोडी शिकाच. सहा महिने लागतील, पण दुसऱ्याने केलेल्या लिप्यंतरावर विसंबू नका.

घाटपायरी: तीन आठवडे म्हटलंय मी.

शके१७०७: तरी शिका. निदान साल तरी लावता यायला हवं. ‘सीत समानीन मया व अलफ’ म्हणजे ६ + ८० + १०० + १०००, शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहायचं साल) ११८६. हे साल मृग नक्षत्राला बदलतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे १७८५-८६. फसली (महसुली) साल समजून ५९० मिळवलेत की नऊ वर्षांचा घोळ. कागदातल्या ‘छ’पुढचा आकडा हा मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, आपली तिथी नव्हे.

पुणेरी_पगडी: छापून निघालेल्या ऐतिहासिक कागदपत्रांचे सगळे खंड विकत घ्या. कपाट भरेल, पण जन्माचं काम होतं.

रुमालवाला: दोन हजारांत कपाटही येणार नाही.

वाईकर: वाड्याजवळच्या कृष्णेच्या घाटावरच्या घंटेचं विसरू नका. नानांनी वसईहून आणलेली, वर १७०७ साल आहे.

शके१७०७: पोर्तुगीजांची वसई पडली १७३९ साली, नाना जन्मले १७४२ साली. जिंकून आणणारे चिमाजीअप्पांचे लोक. मेणवलीला ती नंतर आली.

वाईकर: गावात सगळे नानांचीच म्हणतात.

शके१७०७: मग ‘गावात म्हणतात’ असंच छापा.

सनदी: मुख्य मुद्दा राहिला. ‘मेणवलीचे सरंजामदार’ लिहू नका. सरंजाम म्हणजे चाकरीसाठी दिलेलं उत्पन्न, सरंजामदार बदलला की सनद नवी लागते. इनाम वंशपरंपरेने चालतं. मेणवली इनाम होतं. १८०० साली नाना गेल्यावर काय झालं, तेही घ्या. त्यांच्या पत्नी जिऊबाई लोहगडावर होत्या, मेणवलीचा आधार त्यांना पुढे मिळाला. पुस्तिका नानांच्या मृत्यूवर संपवली की वाडा बिनमालकाचा वाटतो.

पुणेरी_पगडी: जिऊबाईंचं मीही सांगणारच होतो. खंड घ्या, त्यात आहे.

कृष्णातीर: वाडा सहा चौकी आणि खाजगी मालकीचा आहे. फोटो छापणार असाल तर आधी परवानगी, लेखी. भिंतीवरच्या चित्रांवर फ्लॅश नको. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, मापं घ्यायची तर मार्च-एप्रिल.

घाटपायरी: सगळ्यांचे आभार. मोडी नाही, खंड नाहीत, डेक्कन कॉलेजही नाही. आता फक्त घाट, तिथलं मेणेश्वराचं देऊळ आणि घंटा, आठ पानं. रविवारी टेप घेऊन जातोय.

सनदी: आणि जिऊबाई?

घाटपायरी: एक परिच्छेद.

वाईकर: घंटेला दोन द्या.