फ्लेक्सवरचं ‘सोलापूर’ (सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. तिळगुळाच्या कार्यक्रमाचा ६ बाय ३ चा फ्लेक्स उद्या दुपारपर्यंत छापायला द्यायचाय. ते अक्षराच्या आत फोटो दिसतात ना, तसं मोठ्ठं ‘सोलापूर’ पाहिजे. सगळ्या २४ बिऱ्हाडांचे फोटो त्यात घ्या, नंतर कुणी रुसायला नको

सी-२०४: काका मीच करायलोय, पण २४ फोटो नाही बसणार. अक्षर म्हणजे खिडकी नाही, फट आहे. ‘ल’च्या गोलात एखादा चेहरा येईल, काना म्हणजे नुसती पट्टी, तिथं ज्याचा फोटो येईल त्याचा फक्त कान दिसणार

बी-१०२ वहिनी: मग आमच्या ह्यांना कान्यात टाक, ऐकतात तरी का बघू 😄

सी-२०४: 😂 चेहऱ्यापेक्षा एकच मोठा फोटो बरा पडतो, कुठूनही कापला तरी कळतो असा. मी सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा घेतलाय. बघा

[फोटो]

ए-३०१: बे हे काय, निम्मं अक्षर दिसंनाच

सी-२०४: तेच तर! मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यात, फ्लेक्स पण पांढरा, त्यामुळं ‘सो’ची कडच गायब झाली. बाहेरून स्ट्रोक (रंगीत रेघ) देऊन बघितला तर साडीला काठ लावल्यासारखं दिसायलंय

ए-१ च्या बाई: बाळा, कड राहू दे. ‘सोलापुर’ लिहिलंयस. पू दीर्घ.

सी-२०४: 🙈 सॉरी बाई. थांबा एक मिनिट

सी-२०४: झालं

ए-३०१: एवढ्या लवकर? मी मागं गणपतीच्या वेळी असंच केलतो, फोटोवर अक्षरं सिलेक्ट करून बाहेरचा भाग डिलीट मारला, मग एक काना चुकला म्हणून रात्री १ वाजता सगळं पहिल्यापासून

सी-२०४: अरे डिलीट कशाला मारतोस. फोटोशॉपमध्ये अक्षराचा लेयर (थर) खाली, फोटोचा त्याच्या वर, मग ऑल्ट दाबून त्या दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक, बास. नाहीतर कंट्रोल ऑल्ट जी. त्याला क्लिपिंग मास्क म्हणतात. फोटो कापलाच जात नाही, नुसता अक्षरापुरता दिसतो, त्यामुळं मूव्ह टूलनं आतल्या आत सरकवता येतो आणि अक्षर टाइप केलेलंच राहतं, म्हणून तर पु चा पू एका सेकंदात झाला

ए-३०१: माझ्याकडं फोटोशॉप नाही ना पण

सी-२०४: फोटोपी उघड ब्राउझरमध्ये, फुकट आहे, हेच सगळं तिथं होतंय. फक्त फाँट जाडजूड घे, मी बालू घेतलाय एकदम जाड वजनातला. बारीक फाँटमध्ये कितीबी भारी फोटो टाक, काय दिसंना. आपल्याला शिरोरेषेचा फायदा पण आहे, अक्षरं वरून जोडलेली असतात त्यामुळं फोटो सलग वाटतो, इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं

बी-१०२ वहिनी: खाली ‘सिद्धेश्वर’ लिहिलंय त्यात द् वेगळा ध वेगळा का पडलाय रे? वेलांटी पण भलतीकडंच

सी-२०४: वहिनी माझं फोटोशॉप जुनं आहे, त्यात जोडाक्षरं नीट यायला प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट करावं लागतंय, नवीन कॉम्प्युटरवर करायचं राहिलतं. करतो

सेक्रेटरी काका: ते राहू दे, पांढऱ्याचं काय करणार

बी-१०२ वहिनी: सोलापुरी चादरीचा फोटो घे की! लाल-काळी आहे आमच्याकडं, सासूबाईंच्या वेळची, आत्ता काढून पाठवते

सी-२०४: भारी आयडिया वहिनी! पण उन्हात काढा, जवळून, वीण दिसली पाहिजे. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर व्हॉट्सॲप दाबून बारीक करतंय. ६ फूट म्हणजे ७२ इंच, इंचाला ७२ पिक्सेल धरले तरी ५१८४ पिक्सेल रुंदी लागते

(पाऊण तासानं)

सी-२०४: [फोटो]

ए-३०१: आरारारा!! ‘ला’च्या कान्यात पूर्ण काठ उतरलाय बे

ए-१ च्या बाई: छान. आता पू बरोबर.

सेक्रेटरी काका: उत्तम. फक्त कोपऱ्यात माझा एक छोटा फोटो

बी-१०२ वहिनी: काका, अनुस्वारात बसवायचा का 😄

सी-२०४: ‘सोलापूर’मध्ये अनुस्वार नाही वहिनी

सेक्रेटरी काका: ‘संक्रांत’ लिही की मग खाली